करडी अक्षरं आणि वेंकटरावांची नवमी

नागलक्ष्मीअम्मांचं वाक्य त्यांच्याआधी पुरं करायची हिंमत तंजावुरात एकाच माणसाला होती, आणि तो माणूस चार वर्षांपूर्वी आषाढातल्या नवमीला वारला. वेंकटराव, त्यांचे यजमान. कोर्टात हेडक्लार्क होते. अम्मा म्हणायच्या, "अहो, त्या तुमच्या बहिणीनं पुन्हा..." आणि पेपरातून डोकं न काढता वेंकटराव म्हणायचे, "फोन केला." कधी चुकायचं, पण अम्मा चालवून घ्यायच्या. बाकी कुणी मध्ये तोंड घातलं की त्या विचारायच्या, "माझ्या तोंडात माझी जीभ आहे, तुझी कशाला आणतोस?"

म्हणून मुलाच्या कंप्युटरवर ती करडी अक्षरं पहिल्यांदा दिसली तेव्हा त्यांना तो प्रकार बिलकूल आवडला नाही.

मुलगा रघुराम चेन्नईच्या कंपनीचं काम मानंबुचावडीतल्या घरी माडीवर बसून करतो. अम्मा कॉफी घेऊन गेल्या आणि कॉफी हातात ठेवूनच मागे उभ्या राहिल्या. त्यानं अर्धी ओळ लिहिली, थांबला, आणि उरलेली ओळ आपल्याआप पुढं उमटली. करडी, विटलेली, भिंतीवरच्या ओलीसारखी. रघुरामनं करंगळीनं डावीकडची कळ दाबली. ओळ काळी झाली.

"हे पुढचं कोण लिहितो रे?"

"कोणी नाही अम्मा. मी काय लिहिणार ते हे ओळखतं. बरोबर असलं की ही कळ दाबायची."

"आणि चूक असलं तर?"

"तर नाही दाबायची."

अम्मा बघत राहिल्या. तो दाबतच होता. कॉफीवर साय धरली.

"मग पगार तुला देतात का त्याला?"

रघुराम हसला नाही. त्याच्या गटातली निम्मी माणसं उन्हाळ्याआधी घरी गेली होती. म्हणजे हाच प्रश्न कंपनीतही कुणाला तरी पडला होता, आणि उत्तर माणसांच्या बाजूनं लागलं नव्हतं.

अम्मा तिसरीपर्यंत शिकलेल्या, त्याही तमिळ शाळेत. मराठी त्यांच्या घरात बोलायची भाषा, वाचायची नव्हे. तीनशे वर्षांपूर्वी राजाबरोबर इकडं आलेल्या घरांत ती तशीच टिकते, लोणच्यासारखी, झाकण न उघडता. शिक्षणाबद्दल त्यांचं मत असं की ते वाईट नाही, पण त्यानं माणूस दुसऱ्याचं खरं मानायला शिकतो. आता हेच मत त्यांनी स्वतः पाळलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

झालं असं की त्यांच्या लोकांतले जुने भीमसेनाचार्य उन्हाळ्यात मुलाकडे बंगळूरला गेले. आचार्य म्हणजे समस्त मेलेल्यांची नोंद. कुणाच्या आजीची तिथी कधी, कुणाच्या चुलत्याची कधी, अस्कं, म्हणजे सगळं, त्यांच्या डोक्यात. श्राद्धाला आठवडा असताना फोन यायचा, "अम्मा, येत्या बुधवारी. कच्ची केळी आणून ठेवा." ते गेले आणि सगळ्या बिरादरीचे पितर एकदम बेवारशी झाले.

शेजारच्या वत्सलानं सल्ला दिला. वत्सलाचे सल्ले फुकट असतात, हाच त्यांचा गुण. "मामी, पंचांग विकत घ्या की. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं."

"ते तमिळ लोकांचं," अम्मा म्हणाल्या. "त्यांचा महिना सूर्य बघून, आपला चंद्र बघून. आज त्यांच्या महिन्यानं आमचे पितर जेवायला लागले तर उद्या मला पाट कुठं मांडायचा ते शेजाऱ्याला विचारावं लागेल."

दुसरा सल्ला पापनाशमहून आला. तिथं वेंकटरावांची बहीण कमलाक्षी राहते. अम्मांची नणंद, वयानं मोठी, आवाजानं लहान, आणि अम्मांच्या मते हा लहान आवाज म्हणजे तिचा सगळ्यात मोठा कावा. ती फोनवर म्हणाली, "वैनी, मला बोटांवर येतं मोजायला. अप्पांनी शिकवलं होतं. दादाची तिथी मीच सांगत जाईन दरवर्षी."

एवढंच बोलली बिचारी. अम्मांनी फोन ठेवला आणि दिवसभर भांडी आपटली. आपल्या नवऱ्याचा दिवस आपल्याला नणंदेनं सांगायचा? दरवर्षी? रेशनच्या साखरेसारखी वाट बघायची, की बाई आता पापनाशमहून नवमी येणार? संध्याकाळी त्या माडी चढून गेल्या.

"रघू, जगाचे हिशेब करतोस त्या डब्यावर. तुझ्या बापाची तिथी काढता येईना?"

रविवारी रघुराम बसला. अम्मा मागं खुर्ची टाकून बसल्या, सुईणीसारख्या. त्यानं बापाचं नाव लिहिलं, वारल्याची तारीख लिहिली. मग दरवर्षी महिना कसा धरायचा ती ओळ लिहायला घेतली, आणि दोन शब्द झाले नाहीत तोच करड्या अक्षरांची झुंबड उडाली. एक ओळ नव्हे, सबंध पान. देवळात प्रसादाला गर्दी होते तशी.

"बरोबर आहे का ते?" अम्मांनी विचारलं.

रघुरामनं वाचून बघितलं. खरंच वाचलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "बरोबरच वाटतंय," तो म्हणाला, आणि करंगळी कळीवर पडली.

अम्मांच्या फोनवर दिवस आला. ऑगस्टातला. अम्मांना हा दिवस जरा लांब वाटला. पण त्या तिसरीपर्यंत शिकलेल्या आणि फोन इंग्रजीत बोलत होता. यंदा अधिक महिना आला असेल, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं, आणि लगेच वत्सलाला दाखवायला गेल्या.

तिथं नेमके सूर्यनारायणमामा बसले होते. मामा वीजमंडळातून निवृत्त झालेले, पण वीजमंडळ मामांतून निवृत्त झालेलं नव्हतं. तंजावूरच्या मराठी घरांच्या मंडळाचे ते चिटणीस. मंडळ म्हणजे मामा, एक कपाट आणि फोनवरचा एक गट. त्यांनी चष्मा लावून बघितलं. "हे सर्व सभासदांना उपयोगी आहे," ते म्हणाले. "अर्ज करा. दोन प्रतींत. कार्यकारिणीपुढं ठेवतो."

"कार्यकारिणीत कोण असतं?" अम्मांनी विचारलं.

"सध्या मीच."

"मग आत्ताच ठेवा की. इथं बसलीच आहे कार्यकारिणी, वत्सलाची भजी खात."

मामांनी विचार करून 'तात्पुरती मंजुरी' दिली आणि रघुरामची ती करामत मंडळाच्या गटावर पाठवून दिली. कुंभकोणमपासून पुदुकोट्टैपर्यंत घरांघरांतून लोकांनी आपापले मेलेले त्यात भरले. "अम्मा, तुमच्या मुलानं पुण्य केलं," असे फोन आले. असे फोन घेताना अम्मा नेहमीपेक्षा जरा ताठ बसायच्या.

या पुण्याचं जेवण घालायचं त्यांनी ठरवलं. सून अखिला शाळेत शिकवते. शुक्रवारी तिला सुट्टी होती. मामा आणि वत्सला पाहुणे. शेवग्याच्या शेंगा आणि छोटे कांदे घालून सांबार, वडे, पायसम. सकाळी सांबाराला फोडणी पडत असतानाच पापनाशमचा फोन आला.

"वैनी, आचार्य कोण मिळाले आज? किती वाजता बसवताय?"

"कसले आचार्य?"

"दादाची नवमी ना आज."

अम्मांनी हातातला डाव खाली ठेवला नाही. हे त्यांना नंतर फार आठवलं. खाली ठेवला असता तर कदाचित बोटं मोजायला रिकामी झाली असती. "अजून महिना आहे," त्या म्हणाल्या. "मशीननं काढलंय. तुझ्या बोटांना वय झालं, कमलाक्षी."

"हो का," कमलाक्षी म्हणाली, त्या लहान आवाजात. "बरं वैनी. मी तीळ वाटलेच आहेत. मी कावळ्याला घास ठेवते आपला. ठेवला म्हणून काय बिघडतं?"

"तुझा कावळा, तुझा भात," अम्मा म्हणाल्या.

जेवण उत्तम झालं. मामांनी शेंगा चोखत भाषण केलं, की आपला समाज लहान असला तरी तंत्रज्ञानात मागं नाही. मागच्या दारी कठड्यावर एक कावळा ओरडत होता. इतका की मामांना आवाज चढवावा लागला. शेवटी अम्मा उठल्या आणि टॉवेल झटकून त्याला हाकलला. "मेल्या, इथं काय ठेवलंय तुझं?"

रविवारी सकाळी वत्सला कुंपणावरून पिशवीभर वांगी आणि भेंडी द्यायला आली. "मामी, तुमच्या रघूला करून घाला. आमच्याकडं चातुर्मास बसला, भाज्या बंद. तुम्ही आज उपास धरलाय ना?"

"कसला उपास?"

"एकादशी की हो. आषाढातली. आचार्य नाहीत तर मीच सांगायला हवं होतं काल, राहिलंच बघा."

अम्मांनी पिशवी घेतली. मग अंगठा बोटाच्या पेरांवरून मागं सरकला. एकादशी. दशमी. त्याच्या मागचं पेर यायला फार वेळ लागला. त्या पेरावर शेवग्याची शेंग होती, छोटे कांदे होते, मामांचं भाषण होतं, आणि एक टॉवेल होता.

"मामी, बरं नाही का वाटत?" वत्सलानं विचारलं. "चक्कर येत असेल तर लिंबू..."

"भेंडी जून आहे," अम्मा म्हणाल्या आणि आत गेल्या.

माडीवर रघुरामनं ती पानभर अक्षरं पुन्हा उघडली. आता ती काळी होती, म्हणून जास्तच खरी दिसत होती. तो बराच वेळ वाचत राहिला. मग त्यानं कपाळ चोळलं.

"तिथी चंद्राची धरलीय, अम्मा. पण महिना सूर्याचा. तमिळ लोकांचा. अप्पा गेले ते आडी महिन्यात, म्हणून ते आडीतली नवमी शोधतंय."

"ते तमिळ आहे का, तुझं मशीन?"

"तसं नाही. आधी सगळ्यांनी जे लिहून ठेवलंय ते बघून ते पुढचं सांगतं. बहुतेक लोक जसं लिहितात तसं."

"आणि आपण?"

"आपण बहुतेक लोकांत येत नाही, अम्मा."

अम्मा खुर्चीवर बसल्या. "पण तू तर वाचलं होतंस ना रे? मी विचारलं होतं. बरोबर वाटतंय म्हणालास."

रघुराम पडद्याकडंच बघत होता. "वाटलंच होतं. मला पण महिना म्हटलं की आनी, आडीच आठवतात. आषाढ कधी ते... घरात कुणी मोजतच नव्हतं. आचार्य फोन करायचे."

यंत्र चुकलं असतं तर अम्मांनी त्याला शिव्या घातल्या असत्या. शिव्या तयारही होत्या, तमिळ आणि मराठी दोन्ही. पण मुलगाही चुकला होता, त्याच जागी, तसाच. त्याला तमिळ शाळेत त्यांनीच घातलं होतं. शिव्या कुणाला घालायच्या ते ठरेना, म्हणून त्या तशाच घेऊन खाली आल्या.

खाली फोन वाजत होता. आणि मग तो वाजतच राहिला. कुंभकोणमच्या एका घरी सासूचं श्राद्ध हुकलं होतं. पुदुकोट्टैच्या एकानं तिथी महिन्यानं लांबली म्हणून रजा बदलून घेतली होती. काहींचे दिवस बरोबर आले होते, आणि सगळ्यात जास्त भांडले तेच, कारण आता त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. "तुमच्या मुलाच्या पायी आमचे वडील उपाशी," एक बाई म्हणाली. अम्मांनी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याला बोलून घेऊ दिलं. सूर्यनारायणमामांनी गटावर कळवलं की तात्पुरती मंजुरी तात्पुरती मागं घेण्यात येत आहे, आणि शेवग्याचं सांबार जेवल्याचा उल्लेख त्यात नव्हता.

बंगळूरला फोन लावला. आचार्यांच्या मुलानं उचलला. "अम्मा, अप्पांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मलासुद्धा दुकानदार समजतात. देऊ का?"

"दे."

अम्मांनी सांगितलं. पलीकडं नुसता श्वास. त्यांना वाटलं, ठेवावा आता. तेवढ्यात आचार्य म्हणाले, अगदी पूर्वीच्या आवाजात, "दिवस चुकला तर अमावास्या. त्या महिन्याची अमावास्या." आणि मग, "तांदूळ काय भावानं दिले?"

ती अमावास्या म्हणजे नेमकी आडीतली. सगळा तमिळ मुलूख त्या दिवशी कावेरीवर पितरांना पाणी द्यायला उतरतो. घरी यायला एकही भटजी मोकळा नव्हता. मामांकडं चौकशी केली तर ते म्हणाले, अर्ज करा. शेवटी ठरलं, तिरुवय्यारुच्या घाटावरच जायचं, जे मिळेल ते करून घ्यायचं. बहुतेक लोक करतात तसं. हे शेवटचं अखिला म्हणाली, आणि सासूच्या तोंडाकडं बघून लगेच डबे भरायला लागली.

कमलाक्षीला कुणी कळवायचं? घरच्या लेकीला सांगायलाच हवं, रीत होती. अम्मा दोन दिवस फोनजवळून जात-येत राहिल्या. अखिलानंच कळवलं.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाणी गढूळ आणि भरलेलं. रांगेनं माणसं बसवलेली, प्रत्येकापुढं पानावर तीळ आणि दर्भ, आणि मध्ये एक सामी, घाटावरचे भटजी, छातीशी माईक धरून सगळ्यांचं एकदम चालवत होते. लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरतो तसे. रघुराम ओलं धोतर नेसून रांगेत बसला. बायका वरच्या पायरीवर. कमलाक्षी पापनाशमहून दोन बस बदलून आली होती; मांडीवर पितळी डबा. तिनं अम्मांकडं बघून मान हलवली. अम्मांनी तिच्यासाठी जराशी जागा केली. नवमीबद्दल दोघी बोलल्या नाहीत.

सामी रघुरामपुढं आले. "वडलांचं नाव?"

"वेंकट..."

"वेंकटरामन्," सामी माईकमध्ये म्हणाले आणि पुढं गेलेही.

"अहो सामी!" अम्मा उभ्या राहिल्या. घाटभर माना वळल्या. "वेंकटराव! राव! रामन् कुठून आणलात मध्येच? जन्मभर त्यांच्या घरात राहिले मी, मला त्यांचं नाव माहीत नाही?"

लोक हसले. सामी चांगल्या स्वभावाचे होते; मागं फिरले. "बरं अम्मा, राव. आजोबा?"

"माधवराव," रघुराम म्हणाला.

"पणजोबा?"

रघुराम थांबला. त्यानं मागं वळून आईकडं बघितलं.

हे नाव वेंकटराव दरवर्षी घ्यायचे, आतल्या खोलीत, हळू आवाजात; आणि त्या वेळी अम्मा दरवर्षी स्वयंपाकघरात वडे तळत असायच्या. इतक्या श्राद्धांचा स्वयंपाक केला, श्राद्ध कुणाचं ते एकदाही ऐकलं नव्हतं. ते कुणी लपवलं नव्हतं. तेल तापलेलं असायचं, एवढंच.

"आठवत नसलं तर राहू दे अम्मा," सामी म्हणाले. "नारायण म्हणून टाकू. देवाचंच नाव. बहुतेक लोक तेच म्हणतात."

अम्मांना 'नको' म्हणायचं होतं. पण नुसतं नको म्हणून भागत नाही, त्याच्या पुढं काहीतरी असावं लागतं.

"कोन्हेरराव," कमलाक्षी म्हणाली.

इतकं हळू, की सामींनी कानाला हात लावला. तिनं पुन्हा म्हटलं. सामींनी ते नाव दोनदा चावलं आणि माईकमध्ये बऱ्यापैकी म्हटलं. रघुरामच्या ओंजळीतून तीळ आणि पाणी खाली गेलं.

ही चुकली असती तर बरं झालं असतं, असं अम्मांच्या मनात क्षणभर आलं. मग त्या खाली बसल्या. खूप वेळ त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"तुला कसं ठाऊक?"

"अप्पा श्राद्धाला बसायचे तेव्हा मी त्यांच्या मांडीला टेकून बसायची," कमलाक्षी म्हणाली. "मुलगी म्हणून कुणी उठवलं नाही. लहान होते."

रघुराम पंच्यानं डोकं पुसत वर आला. अम्मा पाण्याकडं बघत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दिवस तू सांग." घाटावर इतका गोंधळ होता, की कमलाक्षीनं ऐकलं नाही, आणि त्यांना ते आणखी एकदा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

"सांगेन की वैनी," कमलाक्षी म्हणाली. "पण मी तरी किती वर्षं सांगणार?"

"म्हणून याला आत्ताच सांग. अस्कं. कोन्हेररावांच्या मागचंही. बस रे रघू इथं."

रघुराम खालच्या पायरीवर बसला, फोन काढला. कमलाक्षीनं डबा बाजूला ठेवला, डोळे मिटले, आणि ओठ हलवत बराच मागं गेली. "कोन्हेररावांचे वडील," ती म्हणाली, "ते म्हणजे... त्र्यं..."

तेवढ्यात फोन वाजला. रघुरामनं बघितलं, कंपनीचा होता. "आत्या, दोन मिनिटं. हा घ्यावाच लागेल." तो गर्दीतून वाट काढत, कानावर हात धरत, कुठं आवाज कमी आहे ते बघत वर रस्त्याकडं गेला.

कमलाक्षी डोळे मिटून तशीच बसली होती. अम्मांना विचारायचं होतं, त्र्यंच्या पुढं काय. पण तिच्या ओठांवर आलेलं आपल्या प्रश्नानं मागं गेलं तर, या भीतीनं त्या गप्प राहिल्या. जवळून रांगा उठत होत्या, नव्या बसत होत्या. रघुराम अजून बोलतच होता.